ट्रकला विहिरीचं पाणी

म्हसळ्याच्या पुढच्या घाटात आमच्या ट्रकने पुन्हा एकदा वाफ सोडली, तेव्हा मी खाली उतरून त्याच्या बंपरला लाथ घातली. मागे गच्च नारळ, शेजारी सासरे, आणि टेंपरेचरचा काटा लाल रंगात जाऊन बसलेला.

"लाथ कशाला मारतेस गो तिला," आबा म्हणाले. "म्हातारी झाली ती."

माणगावच्या गॅरेजवाल्याने तर मागचा पांढरा धूर नुसता लांबून बघितला आणि निकाल दिला, "ताई, इंजिन संपलं. भंगारात घाला."

भंगारात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिवेआगरातल्या आमच्या आणि शेजारच्या वाड्यांचे नारळ, सुपारी माणगावच्या बाजारात मी पोचवते. आबांची नजर अधू झाली तेव्हा स्टेअरिंग माझ्या हातात आलं. नवरा मास्तर, त्याला स्कूटरसुद्धा धड झेपत नाही. सुरुवातीला लोक दगडी गडग्यापाशी उभे राहून बघायचे, सून ट्रक चालवते म्हणून. आता तेच लोक माल कधी नेणार म्हणून मागे लागतात. ट्रक गेला की मी परत होमस्टेच्या पाव्हण्यांसाठी मोदक वळत बसणार. मोदक मला झकास येतात हो. पण मला ते वळायचे नव्हते.

पनवेलच्या धाकट्या दिराचा फोन आला. "वहिनी, रविवारी भंगारवाला येतोय. आबा हो म्हणालेत."

मी आबांकडे बघितलं. ते सुपारी कातरत होते. "मेलेल्याला किती दिवस दारात ठेवणार?" म्हणाले. मान काही वर केली नाही.

मेलेलं इंजिन सपाटीला असं ओढतं होय? चढाला तापत होतं, एवढंच. आणि रेडिएटर कुठे गळत नसताना पाणी मात्र कमी होत होतं. मग ते जात होतं कुठे? सकाळी इंजिन थंडगार असताना मी रेडिएटरचं झाकण काढलं, ट्रक चालू केला आणि आत डोकावले. बुडबुडे! चुलीवर भात रटरटावा तसे, आणि पाणी अजून हाताला गारच. गार पाण्यात बुडबुडे येतात म्हणजे सिलिंडरमधला दाब पाण्यात घुसतोय. धूर पांढरा म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये घुसतंय. आणि या दोघांना वेगळं ठेवतं कोण? इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये दाबून बसवलेलं पत्र्यासारखं पातळ गॅस्केट! इंजिन कसलं संपलंय, डोंबल. गॅस्केट गेलंय! मी अंगणात एकटीच टाळी वाजवली.

झाकणाच्या आतल्या कडेला पांढरी पापडी धरली होती. नखाने खरवडून जिभेला लावली. खारट.

मग मात्र मी झाकण हळूच परत लावलं. कारण आबांचा नेम होता. आंघोळ झाली की विहिरीची पहिली कळशी ट्रकला. रेडिएटर स्वतः भरायचे, बॉनेटवर जास्वंद ठेवायचे, आणि मगच चहा. आमच्याकडे झाडांना, गुरांना, गाडीला विहिरीचंच पाणी, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण वाडीभोवती होमस्टे उभे राहिले, ज्याचे त्याचे पंप दिवसभर उपसू लागले, आणि उन्हाळ्यात आमची विहीर मचूळ व्हायला लागली. आम्ही माणसं कधीच नळाच्या पाण्यावर आलो. ट्रकला कुणी विचारलं? त्या खाऱ्या पाण्याने आतून लोखंड खाल्लं आणि गॅस्केटही खाल्लं.

मोहल्ल्यात बोटींची इंजिनं खोलणारा एक मिस्त्री आहे, तोंडाने महाफटकळ. त्याला बोलावलं.

"भाभी, ब्लॉकला चीर निघाली तर मला शिव्या द्यायच्या न्हाईत."

"चीर निघाली तर भंगारवाल्याला मीच चहा पाजते," मी म्हटलं.

हेड उचललं. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधोमध जळून काळं ठिक्कर पडलेलं. मिस्त्रीने ब्लॉक पुसला, बॅटरी मारली, बोट फिरवलं.

"चीर न्हाय," तो म्हणाला. "हेड जरा वाकलंय. माणगावला घासून सपाट करून आणू."

"बघा! म्हटलं नव्हतं मी?" मी एवढ्याने ओरडले की शेजारीण धुणं टाकून आली.

आबा ओटीवरून सगळं ऐकत होते. "पण गॅस्केट गेलं कशानं?" त्यांनी विचारलं. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. खोटं बोलणं मला जमत नाही, मी सांगून टाकलं.

"म्हणजे मीच मारली तिला," आबा म्हणाले. इतक्या हळू, की मला भडभडून आलं.

"मारली नाही, आबा. जिवंत आहे. फक्त पाणी बदलायचं."

दुसऱ्या दिवशी कळशी विहिरीवर तशीच पडून होती. जास्वंदही झाडावरच राहिली.

घासलेलं हेड आलं. नवं गॅस्केट घालून मिस्त्रीने मधल्या बोल्टपासून बाहेर, थोडं थोडं करत सगळं आवळलं. रेडिएटर धुतला आणि त्यात कूलंट भरलं. रविवारी उजाडताच मी ट्रक नारळांनी भरला, अगदी मुद्दाम ठासून.

"आबा, चला."

"मी कशाला?"

"घाटात तापली तर पाणी कोण घालणार? मी?"

ते नळाच्या पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन बसले. घाट लागला. जिथे आमचा ट्रक हटकून थांबायचा ते वळण आलं आणि आबांचा हात दाराच्या कडीवर गेला. मी गिअर टाकला आणि ट्रक पुढे काढला.

"काटा कुठं हाय गो?"

"मध्यावर."

"खोटं बोलू नको."

"मध्यावर, आबा! हलतसुद्धा नाहीये मेला!"

घाटमाथ्यावर ट्रक बाजूला घेतला आणि मी स्टेअरिंगवर दोन्ही हात बडवून ओरडले. काय तो आनंद! तेवढ्यात फोन वाजला. दीर. "वहिनी, तो भंगारवाला आपल्या अंगणात उभा आहे. ट्रक कुठाय?"

आबांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "गाडी घाटावर हाय," ते म्हणाले. "त्याच्याकडं काय भाडं असलं तर तुझ्या वहिनीला विचार म्हणावं. गाडी तिची हाय."

फोन माझ्या ओच्यात टाकून त्यांनी कॅन उघडला आणि घटाघटा पाणी पिऊन उरलेलं माझ्यापुढे धरलं.

"घे, तू पी. तिला नको हाय आज."