प्रोसेसर कंपनीकडे होता तेव्हा

बसवकल्याणात घराला लागूनच माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. नजर लागली, बाहेरचं झालं असं गिऱ्हाईक सांगायला लागलं की मी म्हणते, "आधी फवारणी करा." असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. घडलं ते फक्त लिहितेय.

माझी लीला बारा वर्षांची, जन्मतः बहिरी. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवलं. कानामागे प्रोसेसर लावला तरच ते चालतं. तेव्हाच थेरपिस्टनं बजावलं — पोरीशी एकच भाषा बोला. आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही. आम्ही मराठी धरली. माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, मराठी कळायची पण बोलता यायची नाही. मग ते लीलासमोर गप्पच राहिले. नुसतं हातानं बोलवायचे. मागच्या वर्षी ते गेले.

यंदा सोलापूरला तपासणीत प्रोसेसर कॉम्प्युटरला जोडला. कंपनीचा अपडेट आलाय, आवाज आणखी साफ येईल म्हणाले. अपडेट निम्म्यावर अडकला आणि चिप गेली. प्रोसेसर कंपनीला पाठवला. मग फोनवर फोन...

"मॅडम, हे मॉडेल बंद झालंय. चिप मिळत नाही. नवीन घ्यावा लागेल."

"अपडेट मी मागितला होता का?"

"ते आपोआप येतं, मॅडम."

"मग दुरुस्ती पण आपोआप करा की!"

कंपनीचा माणूस हसला आणि त्यानं फोन ठेवला.

नवीन आमच्या आवाक्यात नाही. लीलाची शाळा सुटली. बोलणंही आटलं. स्वतःचाच आवाज ऐकू येईना, तर कामून बोलेल?

एका दुपारी ती माझ्याकडे पाठ करून शेंगा फोडत होती. माझ्या हातून पातेलं पडलं, ती ढिम्म. आणि मग एकदम मान वर करून, अप्पांच्या रिकाम्या खाटेकडे बघत स्पष्ट म्हणाली, "बंदे, अप्पा." म्हणजे 'आले, अप्पा'... कन्नडमध्ये. उठून खाटेजवळ जाऊन उभी राहिली.

मी तिला वळवलं, माझे ओठ दिसतील असं विचारलं, "कोन बोलावलं?"

"अप्पा बोलवायलेत की. तुला ऐकू येईना व्हय?"

नवरा म्हणाला, शब्द शाळेत कानावर पडला असेल. पडला असेल. पण त्या दुपारी तिनं ऐकलं कशानं? डॉक्टर म्हणतात, प्रोसेसरशिवाय काही ऐकू येणं शक्यच नाही.

असं अजून अधूनमधून होतं.

कंपनीनं प्रोसेसर दुरुस्त न करताच परत पाठवला. त्या दिवशी मी अप्पांच्या खाटेवर बसले. लीला पाठमोरी होती. मीही कन्नडमध्येच हाक मारली, "लीला, इल्ली बा." म्हणजे 'इकडे ये'. पुन्हा मारली, मोठ्यानं. दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावलं.

तिनं मान वळवली नाही.