टीसीची दुसरी झेरॉक्स

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याच्या दुकानात तर मी आठवड्यातून चारदा जाऊन बसतो, त्याचा चहा पितो, आणि सांगत नाही.

देवळीत माझं औषधांचं दुकान आहे. दुकानासमोर एक बाकडं आहे, आणि त्या बाकड्यावर माझ्या फजितीच्या गोष्टी ऐकायला लोक येतात. स्वतःच्या लग्नात शेजारच्या मांडवात शिरून पाहुण्यांच्या पाया पडलो, ती गोष्ट. सासऱ्याची गाडी समजून भलत्याच माणसाची गाडी अर्धा तास पुसली, ती गोष्ट. लोक पोट धरून हसतात. म्हणतात, काय दिलदार माणूस आहे, स्वतःवर हसतो! दिलदार? अहो, ही तर माझी सगळ्यात जुनी चलाखी आहे. वीस बारीकसारीक गाढवपणे आपणहून कबूल केले की एकविसावी गोष्ट कुणी विचारत नाही.

तर — एकविसावी.

अठरा वर्षं झाली. बारावीचा निकाल लागला, सीईटीचा लागला, आणि फार्मसी प्रवेशाचे तिन्ही राऊंड माझ्या आणि मंगेशच्या हातून गेले. मंगेश नाचणगावचा. घरी वांगी, मेथी, सांबार — म्हणजे तुमची कोथिंबीर — लावायचे आणि पुलगावच्या बाजारात विकायचे. अकरावी-बारावी आम्ही एका बाकावर काढली. त्याला माझ्यापेक्षा तीन मार्क जास्त. लक्षात ठेवा हे. मी तर विसरूच शकलो नाही.

मग वर्ध्याच्या एका कॉलेजात स्पॉट राऊंड निघाला. उरलेल्या जागा कॉलेज आपणच भरतं, तो प्रकार. हॉलमध्ये बसायचं, मूळ कागदं मांडीवर, आणि यादीप्रमाणे नाव पुकारतात. तीनदा. ओ दिली तर जागा तुमची, नाही दिली तर पुढचं नाव. यादीत मंगेश चौदावा, मी पंधरावा.

सकाळची बस पुलगावहून यायची, देवळीला येईस्तोवर खचाखच. मी चढलो तर मंगेश मधूनच ओरडला, "अबे इकडं! जागा धरली तुह्यासाठी!" रुमाल टाकून ठेवला होता. एका आजीशी त्यावरून भांडलाही होता म्हणे. मी बसलो. खिडकीशी.

कॉलेजात पोचल्यावर आधी कागदं तपासणारं टेबल. तिथल्या मॅडमनी त्याची फाईल चाळली आणि म्हणाल्या, टीसीची एकच झेरॉक्स आहे, दोन लागतात. मंगेशचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे वळला.

— थांबा. इथे मी तुम्हाला आधी दुसरा भाग सांगतो. तो जरा बरा आहे. म्हणजे बरा नाही, पण मी स्वतःला अठरा वर्षं तोच सांगत आलोय.

मंगेश झेरॉक्स काढायला गेला. जाताना म्हणाला, "माह्यं नाव आलं तर ‘आहे’ म्हणजो." मी म्हटलं, हो. यात अवघड काही नव्हतं. नुकतंच अकरावं नाव पुकारलं होतं, ती पोरगी हॉलमध्ये नव्हती, तर तिचा हिंगणघाटचा मामा उभा राहून गरजला, "आहे मॅडम, आहे! हात धुवाले गेली!" आणि नावं पुकारणाऱ्या मॅडम थांबल्या. पाच मिनिटं थांबल्या, पेनाने टेबल वाजवत. पोरगी आली, जागा घेऊन गेली. म्हणजे एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द चालतो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बारावा, तेरावा आटोपले. मॅडम म्हणाल्या, आता एकच जागा शिल्लक.

"ढोले मंगेश पांडुरंग."

मी बुटाची लेस सोडली.

"ढोले मंगेश पांडुरंग?"

मी लेस बांधायला घेतली. किती मन लावून बांधावी माणसाने लेस? पहिलीतलं पोर बांधत नसेल इतक्या काळजीने. मॅडमनी चष्म्यावरून हॉलभर पाहिलं. "यांच्यासोबत आलेलं कुणी आहे का?" — असं स्पष्ट विचारलं हो त्यांनी! कुणी मला फसवलं नाही, गडबडीत काही राहून गेलं नाही. त्या बिचारीने शब्द ताटात वाढून दिला, आणि मी लेस बांधत होतो.

"ढोले मंगेश पांडुरंग."

लाल पेन. गैरहजर. मग माझं नाव आलं आणि मी "आहे!" असा ओरडलो की पुढच्या रांगेतलं एक तान्हं बाळ रडायला लागलं. घसा होता, बघा. शाबूत होता.

मंगेश आला तो घामाने निथळत. एका हातात टीसीच्या झेरॉक्स — दोन सांगितल्या तर हा पाच काढून आला — आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला समोसा. बसमध्ये मी म्हटलं होतं, काही खाऊन आलो नाही.

"आलं का बे नाव?"

मी सांगितलं, मी पाणी प्यायला गेलतो, परत आलो तर माझंच नाव सुरू होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग मी काय केलं, ऐका. मी चिडलो! दारावरच्या शिपायावर तुटून पडलो — हा काय न्याय आहे, गरिबाच्या पोराला दहा मिनिटं देता येत नाहीत? शिपायाचा कशाशी काही संबंध नव्हता, म्हणून तर त्याला निवडलं. मॅडमकडे जायची माझी छाती नव्हती, त्या म्हणाल्या असत्या, अरे, तू तर इथंच बसला होतास. शेवटी मंगेशनेच मला ओढून बाजूला नेलं.

"जाऊ दे ना गड्या. तुह्यं तरी झालं. चाल, समोसा खा, थंडा होऊन राह्यला."

आणि मी तो खाल्ला. सगळा.

हा झाला बरा भाग. यात मी निदान नुसता भेकड ठरतो. ऐन वेळी तोंड उघडलं नाही — होतं असं, पोरवय होतं, असं म्हणत मी त्यावर अठरा वर्षं झोपलो. झोप चांगली लागते मला.

आता पहिला भाग. मॅडम म्हणाल्या दोन झेरॉक्स लागतात, आणि मंगेश माझ्याकडे वळला, तिथे या. त्याने विचारलं, "इथं कॉलेजात झेरॉक्स आहे का बे कुठं?"

मी आदल्या दिवशी नोटीस पाहायला एकटाच येऊन गेलो होतो. जिन्याखाली मशीन होतं. लायब्ररीचा माणूस चालवायचा. माझे दोन्ही सेट मी तिथेच काढले होते. आम्ही उभे होतो तिथून मोजून वीस पावलं असतील.

मी म्हटलं, "नाई बे. चौकात जा लागते."

विचार करून म्हटलं का? लोक म्हणतात अशा वेळी तोंडातून निघून जातं. नाही. मी आधी जिन्याकडे पाहिलं. मशीन चालू होतं, हिरवा उजेड भिंतीवर सरकत होता. मग यादी आठवली — चौदा, पंधरा. मग बोललो. वर "रस्ता सांभाळून ओलांडजो" असंही म्हटलं. केवढी माया!

त्या जागेचं मी पुढे काय सोनं केलं, तेही ऐका. चार वर्षांचा अभ्यास सहा वर्षांत उरकला. दुकान सासऱ्याने उघडून दिलं. गिऱ्हाईक मला डॉक्टर म्हणतं आणि मी दुरुस्त करत नाही. मंगेश पुलगावला बी.ए. झाला, शिक्षकाच्या नोकरीसाठी फिरफिर फिरला, आणि शेवटी त्याने ऑनलाईन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. टाकलं ते पुलगाव सोडून इथे, देवळीच्या बसस्टँडजवळ. का? "तू आहेस ना इथं." रोज नाचणगावहून येतो, आणि वांग्याच्या दिवसांत माझ्या घरी पिशवी येते. बायको भरीत करते. मी दुसऱ्यांदा वाढून घेतो.

यंदा माझ्या बहिणीची पोरगी, तन्वी, फार्मसीच्या स्पॉट राऊंडला निघाली. तिन्ही राऊंड हुकले होते तिचेही. मी तिला मंगेशकडे नेलं, कारण देवळीत सगळे तिथेच जातात. त्याने तिची फाईल लावली, प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढल्या, स्टेपल केल्या, आणि मग त्याची नेहमीची गोष्ट सुरू केली. दरवर्षी येणाऱ्या प्रत्येक पोराला तो ती सांगतो. त्या गोष्टीत तो स्वतः गाढव आहे, एकच झेरॉक्स घेऊन गेलेला. आणि मी? मी त्याच्यासाठी कॉलेजशी भांडलेला दोस्त!

"दोस्त पाहिजे तर तुह्या मामासारखा, बेटा," मंगेश म्हणाला.

पोरगी हसली नाही. मोठ्या हुशार डोळ्यांनी माझ्याकडे पाहत म्हणाली, "पण मामा, तुम्ही तर तिथंच होते. ‘आहे’ काऊन नाई म्हटलं?"

अठरा वर्षांत हे ‘का’ कुणी विचारलं नव्हतं. इतका सोपा प्रश्न. दुकानात मशीन चालू होतं, तोच हिरवा उजेड, तोच आवाज. माझं तोंड उघडलंही होतं, शपथेवर सांगतो.

"तो पाणी प्याले गेलता," मंगेशच म्हणाला, कागद ठोकून सरळ करत. "त्याची काय चूक?"

आणि मी मान हलवली. हो म्हणून. पोरीसमोर.

मग फाईल उचलली, तिला बसमध्ये बसवून दिलं, दुकानात आलो आणि बाकड्यावरच्या मंडळींना मांडवाची गोष्ट सांगितली. खूप हसले.

ढोले मंगेश पांडुरंग.

आहे, मॅडम. चौकात गेलाय झेरॉक्सला. मशीन जिन्याखाली आहे. त्याला मीच पाठवलं.