ब्रह्मदेवापासून डोंबिवलीपर्यंत

विश्व कसं निर्माण झालं हे आपल्याला माहीत नाही, असं छाती पुढे काढून सांगणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. तीस वर्षं त्यांनी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आणि त्याच तीस वर्षांत सुट्टीच्या दिवशी सोवळं नेसून घरोघरी पूजा सांगितल्या. आठवडाभर महास्फोट आणि रविवारी ब्रह्मदेव. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ दोन्हीकडे थापा मारत असणार. पहिल्याच दिवाळीत मी विचारलंसुद्धा, "मामा, यातलं खरं काय ते एकदा सांगून टाका ना." मामांनी चकली मोडली, अर्धी तोंडात टाकली, ती पूर्ण चावून होईपर्यंत मला ताटकळत ठेवलं आणि म्हणाले, "माहीत नाही." वर उरलेली अर्धी चकली मला दिली.

हे 'माहीत नाही' त्यांचं लाडकं उत्तर. शाळेत तोंडी परीक्षेला कुणी प्रामाणिकपणे माहीत नाही म्हटलं की मामा त्याला पैकीच्या पैकी देत. पुढच्या वर्षी अख्खा वर्ग एका सुरात माहीत नाही म्हणू लागला, मुख्याध्यापकांनी बोलावून झाडलं, तेव्हा मामांनी खुलासा केला: न वाचता आलेलं माहीत नाही वेगळं आणि वाचून वाचून शेवटाला उरलेलं माहीत नाही वेगळं, मार्क दुसऱ्याला. हा फरक त्यांना चेहऱ्यावरून ओळखता येतो म्हणे. मला तर आजही येत नाही.

डोंबिवलीत कोपरला त्यांच्या दोन खोल्यांत देव्हाऱ्याच्या शेजारीच एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आहे. त्याला केबल नाही, डिश नाही, त्यावर दिसतात त्या फक्त खरखरत्या ठिपक्यांच्या मुंग्या. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मामा तो लावून दाखवतात. "नीट बघा. ह्यातल्या शंभरातली एखादी मुंगी विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या उष्णतेची आहे. तेराशे कोटी वर्षं चालत आलीय ती, आपल्या घरी." पाहुणा बिचारा चहाचा कप धरून मुंग्यांकडे बघत बसतो. एकदा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दया येऊन मेकॅनिक पाठवला होता. त्याने पाठचं झाकण उघडेपर्यंत मामा त्याला हेच समजावत होते आणि तो म्हणत होता, "काका, टेन्शन नका घेऊ, होईल बरा." मामी कपाळाला हात लावायच्या. "देवाशेजारी मुंग्या पाळणारं हे एकच घर," असं चारचौघांत म्हणायच्या. पण खंडेनवमीला शिलाई मशीन, विळी, मामांचं जुनंपुराणं मल्टिमीटर यांच्याबरोबर त्या टीव्हीवरही झेंडूचं फूल त्याच ठेवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

दोन्ही डगरींवर हात ठेवणारा माणूस म्हणावं तर तसंही नाही, कारण मामांनी दोन्हीकडच्या लोकांना सारखंच दुखावलं. घोडबंदर रोडला सत्ताविसाव्या मजल्यावर एक वास्तुशांत होती. यजमान कुठल्याशा मोठ्या कंपनीत, हौशी. संकल्पाच्या वेळी मामा नेहमीप्रमाणे ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा हिशेब म्हणू लागले, तर यजमानांनी पाहुण्यांकडे वळून सांगितलं, "बघा, आपल्या ऋषींना बिग बँग आधीच माहीत होता! हो ना गुरुजी?" मामांच्या हातात अक्षता तशाच. "नव्हता," म्हणाले. "त्यांना प्रश्न पडला होता, तो मोठा होता. उत्तर दुसऱ्यांनी शोधलं, तेही अर्धंच सापडलंय. ते ऋषींच्या खिशात नका घालू." पूजा झाली, जेवण झालं, पण त्या टॉवरमधून पुन्हा बोलावणं आलं नाही. आणि डोंबिवलीत एका व्याख्यानात वक्ते म्हणाले की विज्ञानाने सगळं उलगडलंय, पोथ्या आता रद्दीत घाला, तेव्हा हेच मामा उभे राहिले: "महास्फोटाच्या आधी काय होतं?" वक्ते म्हणाले, हा प्रश्नच चुकीचा आहे. मामा म्हणाले, "आमचे जुने गुरुजीही मला हेच सांगायचे हो." झालं. त्या मंडळातूनही नाव कटलं. मामी म्हणाल्या, "आता फक्त भाजीवाल्याशी भांडायचं राहिलंय तुमचं."

मी मात्र सोडणाऱ्यातली नाही. "खरं असल्याची खात्री नाही, तर मग म्हणता कशाला तो संकल्प?" मामांनी माझ्या मुलीची वही ओढली. पहिल्या पानावर तिने नाव घातलं होतं, खाली इयत्ता, सोसायटी, डोंबिवली, ठाणे जिल्हा, महाराष्ट्र, भारत, पृथ्वी, आकाशगंगा. "हिने काय केलंय? पत्ता लिहिलाय. संकल्प हा असाच पत्ता आहे, फक्त दुसऱ्या टोकाने सुरू केलेला. आधी ब्रह्मदेवाचं आयुष्य, मग कल्प, मन्वंतर, युग, मग भारतवर्ष, गोदावरीचा काठ, आजची तिथी, आणि शेवटी गोत्र आणि नाव. एवढ्या अफाट पसाऱ्यात मी हा इथे बसलोय, एवढंच सांगायचं. घर बांधलं कसं ते विज्ञानाला विचार. तिथे मी भटजी म्हणून तोंड उघडणार नाही." मला ते पटलं की नाही, कोण जाणे, पण त्या दिवसापासून मी पूजेत संकल्पाच्या वेळी स्वयंपाकघरात जायची बंद झाले.

त्यांच्या मुलाला, निखिलला, मात्र ते पटेना. निखिल ठाण्याला असतो, कॉम्प्युटरवाला आहे, आणि बापाचा पक्का विद्यार्थी. जे माहीत नाही ते बोलायचं नाही, हे त्याने इतकं मनावर घेतलं की मुंजीनंतर तो कधी पूजेला बसलाच नाही. मामांनी एका शब्दाने आग्रह केला नाही. मामींना तेवढं लागायचं. गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या, हॉस्पिटलात होत्या, तेव्हा दोघांना पलंगाच्या दोन बाजूंना बसवून म्हणाल्या, "माझ्या कार्याला संकल्प निखिलने सोडायचा आणि तुम्ही सांगायचा. जग कुणी केलं ते नंतर ठरवा सावकाश." निखिल हसला. मामा हसले नाहीत.

मामी गेल्या आणि दहाव्याला निखिल मागे हटला. "बाबा, मी आलेलो ठरवून. पण ते ब्रह्मदेव वगैरे माझ्या तोंडून नाही निघत. आईसाठी खोटं बोलू? आईसाठी?" रडत होता पोरगा. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतः पाटावर बसले. मला इतका राग आला होता! घाटावरून परतताना मी निखिलला काय वाटेल ते बोलले. मरणाऱ्या बाईची एक इच्छा, पाण्याच्या एका पळीची, आणि ह्याची तत्त्वं आडवी येतात! मामांनी मलाच गप्प केलं. "त्याला मीच शिकवलंय ते. आता मला नको म्हणून कसं चालेल?"

वर्षश्राद्ध परवाच झालं. मी आत वडे तळत होते, निखिल बाहेर खुर्चीवर भिंतीला टेकून बसला होता. ह्या खेपेला मामांनी दुसरे गुरुजी बोलावले नाहीत. सांगणारेही तेच आणि करणारेही तेच. आवाज नेहमीचा, स्वच्छ. द्वितीये परार्धे, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वत मन्वंतरे, सगळं सरसर चाललं होतं. दंडकारण्य आलं, गोदावरी आली, डोंबिवली आली, तिथी आली, गोत्र आलं. आणि आवाज थांबला. मी झारा हातात घेऊन दारात आले. मामांच्या तळहातावर पाणी, ते बोटांमधून ठिबकतंय, ओठ हलतायत आणि नाव बाहेर येत नाहीये. हजारो घरांचे संकल्प सांगितलेला माणूस, ब्रह्मदेवापासून निघून घरापर्यंत बिनचूक आला आणि बायकोच्या नावापाशी अडला.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. निखिल आला, पँट वर सरकवून बापाशेजारी जमिनीवरच बसला आणि हात पुढे केला. "द्या इकडे पाणी. पत्ता मला पाठ आहे." मामांनी पळीभर पाणी त्याच्या हातावर घातलं. आणि त्या मुलाने अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. बापाच्या पूजांच्या पिशव्या धरून लहानपणी ऐकलेलं सगळं, एक अक्षर न चुकता, पार त्या परार्धापासून आमच्या कोपरपर्यंत. नावापाशी आला तेव्हा संस्कृत सोडून दिलं त्याने. "सुधा," म्हणाला. "माझी आई." आणि पाणी सोडलं.

आत कढईतला वडा काळा झाल्याचा वास आला तरी मी हलले नाही. मग मामांनी पंच्याने डोळे पुसले, आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "खोटं बोललास का रे?"

निखिलने ओल्या हाताकडे पाहिलं. खरोखर विचार केला त्याने. "माहीत नाही, बाबा."

मामा त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघत राहिले.

"पैकीच्या पैकी," म्हणाले.