ज्योतीरामचं पहिलं नाटक

पंचावन्न-छप्पन साली ज्योतीराम साताऱ्याकडून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात लागला. तिथं त्याच्या डोळ्यांदेखत सोबतच्या कोंडीरामची उजव्या हाताची बोटं यंत्रात गेली. ते मनातून जाईना, म्हणून पाळी सुटली की पवनेच्या काठी बसून तो नाटक लिहू लागला. जखमी नवऱ्याला घास भरवताना बायको काय बोलेल, इथं तो कितीतरी दिवस अडला. एका दुपारी वाक्य सुचलं, "आजपासून माझा हात तुमचा," आणि तो एकटाच मोठ्यानं हसला. एवढा आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

चिंचवडच्या गणपतीत नाटक झालं. बायकोचं काम राकट रंगरावाकडं होतं. त्यानं ते वाक्य म्हणताना प्रेक्षकांना डोळा मारला. मांडव हसून लोळला, तसा चेव येऊन त्यानं ते पुन्हा म्हटलं. पुढं बसलेला कोंडीराम उठून चालू लागला.

ज्योतीराम मागं धावला. "कोंडीराम, मी तसं लिहिलं नव्हतं रे!"

"तू काय लिवलं ते मला कुठं वाचता येतंय? मी बघितलं तेच खरं."

मांडवात मंडळाच्या बबनरावांनी पाठ थोपटली. "काय हसवलंस, भावा! पुढच्या सालीबी असंच दे."

ज्योतीरामनं दिलं. पुढं दरवर्षी देत राहिला, आणि चाकणपर्यंत लोक त्याला विनोदी लेखक म्हणून ओळखू लागले.