बत्तीस जटा

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत डाग काढायच्या टेबलापाशी तो एकवीस वर्षं उभा होता. रक्त, औषध, शाई, चहा. त्याच्या हाताला दाद न देणारा डाग अजून पडायचा होता, म्हणून सगळे त्याला डागदादा म्हणत. नाक तर असं तिखट, की धुतलेल्या चादरीची घडी हुंगून हा बाबा सांगायचा, "परत टाका, वास आहे." कसलाच वास उरला नाही तरच ते धुणं, हा त्याचा हट्ट. घरी मात्र त्याचं कुणी ऐकत नसे. पण घरचे कुणाचं ऐकतात म्हणा!

बायको पार्लरमध्ये केस करायची. शेवटच्या आजारपणात, उभंसुद्धा राहवेना तेव्हा, तिने पलंगावर बसून चौदा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर जटा घातल्या. पोरगी वर्षभर मागे लागली होती. केसांचे चौकोन पाडायचे, बारीक फणीने उलटं विंचरून मुद्दाम गुंता करायचा आणि क्रोशाच्या सुईने तो आतल्या आत ओवून घट्ट करायचा. अशा बत्तीस जटा, चार दिवस. बोटं आखडली की ती बाम चोळायची आणि पुन्हा सुई उचलायची. डागदादा दारात उभा राहून म्हणाला होता, "डोक्यावर सुंभ बांधून मिरवायचंय का पोरीला? आणि तू कशाला जीव आटवतेस?"

"तुम्ही तुमच्या चादरी बघा," बायको म्हणाली. मग पोरीला म्हणाली, "तीन आठवडे पाणी लावू नकोस हं. नव्या जटा कुणी रगडल्या तर सुटतात. पहिली धुलाई मीच करेन."

सतराव्या दिवशी ती गेली.

तीन आठवडे झाले, सहा झाले, तीन महिने झाले. पोरगी डोक्याला पाण्याचा थेंब लावू देईना. लोकरीची टोपी घालून हिंडायची, झोपायचीही तशीच. आत्या येऊन म्हणाली, "कापून टाक एकदाचं, घरभर दर्प सुटलाय." त्यावर पोरीने दार असं आपटलं की आत्या पुन्हा फिरकली नाही. शाळेतून चिठ्ठी आली. डागदादाने समजावलं, रागावला, हात जोडले. पोरीचं एकच, "आईचा हात आहे त्यात. सुटल्या तर पुन्हा कोण घालणार? तुम्ही?"

सुंभ म्हणालेला माणूस तो. ते शब्द आता त्यालाच सलत होते.

मग एका सकाळी तिच्या उशीच्या अभ्र्यावर बारीक बारीक ठिपके दिसले. रक्त. इतरांना कळायला वेळ लागला असता, त्याला नाही. खाजवून खाजवून पोरीने डोकं फोडून घेतलं होतं. तो अभ्रा तसाच खिशात कोंबून तो बायकोच्या पार्लरमधल्या मैत्रिणीकडे गेला.

"भावजी, आठ दिवसांत धुतलं नाही तर कापावंच लागेल," ती म्हणाली. "जखमा चिघळतील."

"मग तू धू ना."

"मला ती हात लावू देत नाही. तुम्हाला देते का बघा." आणि तिने सगळं सांगितलं. बाटलीभर पाण्यात चमचाभर साधा शाम्पू, केस मऊ करणारं काहीही नको. जटांच्या मधल्या रेघांमधून टाळूवर सोडायचं, बोटांच्या टोकांनी दाबायचं. जटा चोळायच्या नाहीत, नुसत्या पिळायच्या, तेही हलक्या हाताने. फेस आत राहता कामा नये, ओल तर मुळीच नाही. ओली जट आतून बुरसते.

जन्मभर खसाखसा घासलेला हात तो, एकदम हलका कसा होणार? पाच दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याने फरशी पुसायच्या सुती झुपक्यावर सराव केला. "डागदादा, कुणाला न्हाऊ घालताय?" म्हणत पोरं हसली. हसू दे. पाचव्या दिवशी झुपक्याचा एक धागाही विसकटला नाही.

रविवारी सकाळी तो अभ्रा पोरीपुढे ठेवला. तिने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग टोपी काढली. "एक जरी सुटली तर?"

"तर नावाचा डागदादा नाही."

ती मोरीत पाटावर बसली. त्याने कोमट पाण्याचा पहिला तांब्या ओतला, आणि वाफेबरोबर बामाचा वास आला. नुसत्या बामाचा नव्हे, बायकोच्या तळहातांचा, तिच्या उशाचा. क्षणभर बायको मोरीत येऊन उभी राहिल्यासारखं झालं.

"बाबा," पोरगी कुजबुजली, "आला ना वास तुम्हालाही? म्हणूनच धुवायचं नव्हतं मला."

त्याचा हात थांबला. पण टाळूवर लाल जखमा दिसत होत्या. त्याने शाम्पू सोडला, जटा पिळल्या, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत तांब्यामागून तांब्या ओतत राहिला. ती रडत होती; तोही. जिवावर आलं होतं त्याच्या, पण काम अर्धवट सोडणं त्याला माहीतच नव्हतं.

टॉवेलने दाबून, पंख्यापुढे बसवून, दुपारपर्यंत एकेक जट वाळवली. मुळं बोटांत फिरवून घट्ट केली. बत्तीसच्या बत्तीस शाबूत, एकही सुटली नव्हती. बायको असती तर तिने ऐटीत पार्लरभर सांगितलं असतं. आणि एकवीस वर्षांच्या सवयीने त्याने शेवटची जट नाकाशी नेली.

काहीच नव्हतं. त्याच्या कोणत्याही चादरीसारखी स्वच्छ.

"उरलाय?" पोरीने विचारलं.

"आहे, थोडासा," तो म्हणाला. वासाबाबत आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला.

तिने स्वतः जट ओढून हुंगली. मग दुसरी, तिसरी. तो धडपडत उठला, कपाटातून बायकोची बामाची डबी काढली, बोटाला लावून तिच्या कानामागच्या जटेवर चोळू लागला. तिने त्याचा हात धरला.

"नको बाबा," ती म्हणाली. "हा नुसता बाम आहे."