सत्काराला थांबा नाही: बीडच्या आतल्या रस्त्यावरची एक बसफेरी

"बीडला? वाहतूक बघायला?" ऑफिसातल्या एकानेही हे विचारायचं सोडलं नाही. एकाने तर "येताना नवीन कल्पना पोत्यात भरून आण हं" असा टोमणाही मारला.

आधी माझी ओळख. मी नाशिकला शहर बसची वेळापत्रकं करते. बस उशिरा आली की तुम्ही ज्या न दिसणाऱ्या माणसाला शिव्या घालता, ती मी. सार्वजनिक वाहतुकीत काम करणाऱ्यांची दोन दिवसांची परिषद यंदा बीडला होती, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या नव्या प्रकल्पांची प्रत्यक्ष पाहणी. खरं सांगू? मोठ्या शहरांतले काचेचे थांबे बघून मला कंटाळा आलाय. पैसा ओतला की बस कुठेही धावते. जिथे पैसा बेताचा, वस्त्या विखुरलेल्या आणि रस्ता अंग चोरून चालावा इतका अरुंद, तिथे कोणी वेळेवर बस चालवत असेल तर मला ती बघायची होती. नाव नोंदवलं आणि बॅग भरली.

नाशिकहून दोन दिवस आधीच एस.टी.ने अहिल्यानगर गाठलं, मावशीकडे मुक्काम केला आणि सकाळी बीडची रेल्वे धरली. तुम्ही घाईत असाल तर रस्त्यानेच जा, एस.टी. लवकर पोचवते. पण घाई नसेल तर ही गाडी चुकवू नका. तिकीट पन्नासच्या नोटेत बसतं आणि खिडकी हमखास मिळते. गाडी रोज आहे का, किती वाजता आहे, हे मात्र निघण्याआधी विचारून घ्या. कड्याला उसाच्या गप्पा मारणारे चौघे चढले, आष्टीनंतर डोंगर सुरू झाले आणि मग पुलांमागून पूल. समोरच्या आजोबांनी प्रत्येक पुलावर खिडकीतून वाकून खाली बघितलं. "आमी लहान हुतो तवापास्नं रेल्वे येनार, रेल्वे येनार ऐकत हुतो," ते म्हणाले. "आता आलीया तर समदं बगून घिऊ द्या." मग मीही प्रत्येक पुलावर वाकले.

परिषदेचा पहिला दिवस हॉलमध्ये गेला. त्यातली भाषणं सांगून तुमचा छळ करत नाही. दुपारी मात्र संयोजक इंगळे सरांनी आम्हाला खजाना विहिरीवर नेलं. शेकडो वर्षांपूर्वीची ही विहीर कुठलंही यंत्र न लावता जमिनीखालच्या पाटांमधून शेतांना पाणी देते, अजूनही. "ही आमच्या गावातली सगळ्यात जुनी वाहतूक व्यवस्था, आणि कधी बंद पडली नाही," सर म्हणाले. बीडला गेलात तर ही बघाच. संध्याकाळी एका खानावळीत ज्वारीची भाकरी, येसर आमटी आणि ठेचा खाल्ला. आमटी दुसऱ्यांदा मागितली, तर वाढणाऱ्या काकू म्हणाल्या, "तिसऱ्यांदाबी मागा, लाजू नगा." मी लाजले नाही.

आता मुख्य गोष्ट. इंगळे सरांचा प्रयोग असा: विजेवर चालणारी एक छोटी बस, जी मोठ्या रस्त्याने न जाता तेलगावच्या आतल्या वस्त्यांमधून वळणं घेत बीडला येते. वाटेत क्रीडा संकुल, मग रेल्वे स्टेशन. दुपारची गाडी सुटण्याआधी प्रवासी स्टेशनवर हजर, हा तिचा वायदा. तिचं वेळापत्रक सरांनी महिनाभर आधी मला पाठवलं होतं आणि मी ते मिनिटामिनिटाने घासूनपुसून दिलं होतं. म्हणून पहिल्या दिवशी समारोपाला कोणीतरी शंका काढली तेव्हा मी उभी राहून ठणकावलं, "गाडी वेळेत येईल. उद्या बसून बघा." दुसऱ्या दिवशीची फेरी ही पहिलीच फेरी होती.

सकाळी आम्ही दहाबारा जण बसमध्ये बसलो. गाडीचा आवाज इतका कमी की रस्त्यावरची कोंबडीसुद्धा शेवटच्या क्षणी दचकायची. चालक रफिकभाई, पांढरी मिशी, भरदार आवाज. जाताना कोणीही अडवलं नाही. गावागावांत लोक नुसते हात करत होते आणि कुठे कुठे खांब रोवत होते. ते खांब कशाचे, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

शेवटचा थांबा म्हणजे मेंढपाळांची एक वस्ती. तिथून परतीच्या प्रवासाला आठदहा जण चढले. त्यात लाल पागोट्यातले एक बापू आणि त्यांची मुलगी अर्चना. ऑक्टोबरचं ऊन कडकडीत आणि ह्या पोरीच्या अंगात जाड स्वेटर, वरून कानटोपी. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर तिने मान हलवली.

"आजारी आहे का?" मी बापूंना विचारलं.

"आजारी कावून असंल? पैलवान हाय ती," बापू म्हणाले. "आज बीडात जिल्ह्याच्या कुस्त्या हायत. बारापातुर वजन द्याचं. बाराला दार बंद. थोडं वजन जास्ती हाय म्हनून घाम काढाया लागलीय."

मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "ताई, ही बस उद्याबी यील, का तुमी पाव्हणे हायत तवरच?"

"रोज येईल," मी छातीठोकपणे सांगितलं.

"लई जन आसंच म्हनून गेलेत," बापू हसून म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. ते हसणं मला झोंबलं. ह्या पोरीला बाराच्या आत पोचवायचंच, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

पहिलं गाव आलं आणि रस्त्याच्या मधोमध माणसं उभी. हातात नारळ, हार, हळदीकुंकवाचं ताट. बसची पूजा झाली, रफिकभाईंना फेटा बांधला, आम्हा सगळ्यांना चहा. "पाचच मिनिटं म्याडम," प्रत्येक जण म्हणत होता. मराठवाड्यात पाच मिनिटं हे वेळेचं माप नाही, ती प्रेमाची विनंती आहे, हे मला तिथे कळलं. चला, म्हटलं, एवढं भरून काढू.

दुसऱ्या गावात शाली होत्या. आणि एक गुरुजी, ज्यांनी गावच्या रस्त्याचा इतिहास निजामापासून सुरू केला. ते स्वातंत्र्यापर्यंत पोचले तेव्हा कोणालातरी अर्चना दिसली. "आरं, पैलवानीन हाय गाडीत!" झालं. पुन्हा हार, आणि तोंडाजवळ पेढा. तिने ओठ घट्ट मिटले आणि तो पेढा हळूच माझ्या हातात दिला.

"ताई, तुमच्यापाशी ठिवा. तोंडात बी घालता यीना," ती कुजबुजली. "शाल मातर दिली तर चालंल. आनखी घाम यील." मला हसू आलं, पण तिचं लक्ष माझ्या घड्याळावर होतं. गेलं वर्षभर ती ह्या एका सकाळसाठी मातीत लोळली होती, हे मला बापूंनी मघाशीच सांगितलं होतं.

मी घड्याळ बघितलं. मी केलेल्या वेळापत्रकात वळणं होती, खड्डे होते, मेंढरं आडवी आली तर त्यासाठीसुद्धा वेळ राखून ठेवला होता. सत्कार धरलेला नव्हता! बसला पहिल्यांदाच गावात येताना बघून मराठी माणूस नुसता हात करून गप्प बसेल, असं मी कुठल्या गुर्मीत गृहीत धरलं होतं, कोण जाणे.

तिसऱ्या गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे मला पुन्हा जेवायला जायचंय. सकाळी जे खांब रोवत होते त्यांवर आता मांडव उभा होता. खुर्च्या, कर्णा, ताटात एकावर एक रचलेले फेटे, आणि मधोमध पांढऱ्याशुभ्र कपड्यांत गावचे पुढारी, ज्यांना सगळे अण्णा म्हणत होते. वक्ते सहा. बारा वाजायला तासभरही उरला नव्हता आणि पुढचा रस्ताच जवळजवळ तेवढा होता.

मी चिडले. "अण्णा, आम्हाला उशीर होतोय, गाडी सोडा," असं चांगल्या चढ्या आवाजात म्हणाले. अण्णा मागे वळून ओरडले, "आरं, म्याडम उन्हानं तापल्यात! आदी सरबत आना बे!" यजमानावर रागावलं की पाहुणचार वाढतो, हे लक्षात ठेवा, तुमच्याही कामी येईल. मी निदान अर्चनाला मोटारसायकलवर पुढे पाठवा म्हटलं. पण मोटारसायकली गावातल्याच पोरांच्या, आणि सत्कार झाल्याशिवाय पाहुणा हलू द्यायचा नाही हे त्या पोरांचं ठरलेलं. इंगळे सर घाम पुसत होते. अर्चना खुर्चीच्या कडेला बसून जमिनीकडे बघत होती. एकदा तिने बापूंकडे पाहिलं, आणि बापूंनी मान खाली घातली. 

नकार द्यायची सोय नव्हती. मग मी दुसरं दार शोधलं.

"अण्णा," मी आवाज खाली आणत म्हणाले, "सत्कार राहू दे. आमच्या नाशिककडे पाहुणा निघाला की घरधनी त्याला वेशीपर्यंत सोडायला येतो. तुमच्याकडे तशी पद्धत नसेल, म्हणून..."

"कोन म्हंतो न्हाई?" अण्णा ताडकन उभे राहिले. "आमच्याकडं वेशीच्याबी पुढं सोडत्यात!"

"मग चला की. बसा गाडीत."

अण्णांनी एकदा मांडवाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. माघार घेणार कशी? "फेटे घ्या रं बरूबर," म्हणत ते गाडीत चढले. मागोमाग ताटं, शाली आणि सहापैकी चार वक्ते. रफिकभाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली, दार बंद झालं आणि गाडी सुटली. कर्णा मांडवातच राहिला, ते एक बरं झालं.

वेस गेली. "अण्णा, उतरते क्या?" रफिकभाईंनी विचारलं.

"थांबू नगा," अण्णा म्हणाले. सगळी हकिकत तोवर बापूंनी त्यांच्या कानावर घातली होती. "पोरीचं वजन हुकलं तर गावाचं नाव जाईल. आमी गाडीतच उरकतो."

मग काय सांगू! वरच्या दांडीला धरून अण्णांनी भाषण केलं. प्रत्येक वळणावर ते डावीकडे झुकायचे आणि वाक्य उजवीकडे जायचं. पुण्याच्या एका ज्येष्ठ पाहुण्यांना फेटा बांधता बांधता खड्डा आला आणि फेटा त्यांच्या नाकावर बसला. अर्चनाला तीन शाली मिळाल्या, तिन्ही तिने एकावर एक पांघरल्या. पुढच्या गावातही हार घेऊन माणसं उभी होतीच, तर अण्णा खिडकीतून डोकं काढून गरजले, "सत्कार चालू गाडीत हाय! ज्यास्नी यायचं त्यांनी वर या!" दोघे चढले, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडी थांबली ती फक्त थांब्यावर, आणि ठरला तेवढाच वेळ.

क्रीडा संकुलाच्या दाराशी आम्ही बाराच्या जेमतेम आधी पोचलो. मुलींच्या वजनाच्या खोलीत बापूंना जाता येत नव्हतं, म्हणून मी गेले. शाली, स्वेटर, टोपी, सगळं माझ्या हातात. काट्यावर उभी राहताना तिने डोळे मिटले होते. वजन घेणाऱ्या बाईंनी आकडा वाचला आणि म्हणाल्या, "बसलं." अर्चनाने डोळे उघडले, माझ्याकडे वळली आणि हात पुढे केला.

"ताई, पेढा."

पर्समधला तो चेपलेला पेढा तिने उभ्या उभ्या खाल्ला, मग पाण्याची अख्खी बाटली रिकामी केली. बाहेर बापू दारापाशीच उभे होते. त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

स्टेशनवर गाडी उभीच होती. आम्ही डब्यात बसेपर्यंत अण्णा फलाटावर आले, कारण पाहुण्याला सोडायचं तर पूर्ण सोडायचं. "आता आमी घरी कसं जावं?" त्यांनी विचारलं. "संध्याकाळच्या फेरीने," मी म्हणाले, "वेळेवर या, थांबणार नाही." अण्णा खळखळून हसले आणि बाहेरच्या टोपलीवालीकडून घेतलेली सीताफळं माझ्या मांडीवर ठेवून गेले. तुम्ही ह्या दिवसांत गेलात तर सीताफळं घ्याच, पण कडक बघून घ्या. माझी पिकलेली निघाली आणि आष्टी येईपर्यंत मला संपवावी लागली. तक्रार नाही.

नाशिकला परतल्यावर टोमणेवाल्या सहकाऱ्याने विचारलं, "काय आणलंस?" मी टेबलावर फेटा ठेवला. आमच्या नव्या मार्गाच्या उद्घाटनाचा मांडव मी रद्द करवला. मान्यवरांना सांगितलं, भाषण करायचं तर धावत्या बसमध्ये करा. दोघांनी आजारपण कळवलं, बाकीचे आले.

अर्चना दुसऱ्या फेरीत हरली. तिने स्वतःच फोन करून सांगितलं, रडली नाही, "त्या पोरीचा पटाचा डाव लई भारी हाय, म्या शिकनार" म्हणाली. आता रोज बीडच्या तालमीत जाणार, असंही तिने सांगितलं. मी मात्र आतून थोडी धास्तावलेली होते. बापूंचं ते हसणं विसरले नव्हते. इंगळे सरांना विचारलं असतं तर त्यांनी बस चालूच आहे असंच सांगितलं असतं. म्हणून विचारलं नाही.

परवा सकाळी तिचा आवाजी निरोप आला. मागे शेळ्यांचा गलका, रफिकभाईंचं "चलो, बैठो, बैठो", दार लागल्याचा आवाज.

"ताई, बसमधी बसले. येळंवर आली. बापू म्हंत्यात, ताईस्नी सांग. आन् ताई, आज कुनी सत्कार केला न्हाई. कुनी बगितलं बी न्हाई गाडीकडं."