कोटाची पाठ

माझी मावशी कपडे शिवते, आणि तिचं तोंड कात्रीपेक्षा जास्त चालतं. काज-बटणं करणारी मी तिची भाची, म्हणून मला हे बोलायचा हक्क आहे. पण तिचा मुलगा वारला आणि ती गप्पच झाली.

त्याला जन्मापासून कुबड होतं. मावशीने त्याला खास कोट शिवला होता, पाठीला घोळ आणि आत आकार धरून ठेवणारं ताठ कापड, जाड बकरम. त्याच्यामागे तिने तो कोट चर्चमध्ये गरजूंसाठी देऊन टाकला.

पुढच्याच महिन्यात तो कोट दुकानासमोरून गेला. अंगात कुणी सरळ पाठीचा माणूस होता, पण मागची पाठ रिकामीच फुगलेली. मावशी उठली आणि मुलगा बाहेरून घरी आल्यासारखा तिने चहा ठेवला. मग रोज संध्याकाळी तेच.

एकदा तो माणूस दुकानातच आला. "मावशी, ही पाठ सरळ करून द्याल? शाळेच्या गेटवर वॉचमनचं काम लागलंय. पोरं हसतील."

मावशीने कोटावरून हात फिरवला. "नाही होणार. कापड फाटेल."

धादांत खोटं. तो गेल्यावर मी म्हटलं, "अगं, शिवण तर उसवायची फक्त!"

"उसवू? म्हणजे पुन्हा पुरू त्याला?"

मी कपाळावर हात मारला आणि पुन्हा काजं करायला घेतली.

रविवारी चर्चमध्ये तो नेमका आमच्या पुढच्या बाकावर. पाद्री प्रेमाबद्दल सांगत होते. मावशीचं सगळं प्रेम त्या रिकाम्या पाठीत अडकलेलं. तेवढ्यात मागे दोन पोरं खुसखुसली, "कुबड्या!"

याच शब्दापायी तिचा मुलगा शाळा सोडून घरी बसला होता. मावशी पांढरीफटक पडली.

"हे कुबड मी ठेवलं गं या माणसाच्या पाठीवर," ती पुटपुटली.

बाहेर पडताच तिने त्याला अडवलं. "कोट दे रे बाबा. होतं ते काम. मी खोटं बोलले."

स्वतः घातलेले टाके तिने स्वतःच उसवले. काढलेलं बकरम टेबलावर तसंच फुगून राहिलं. मला बघवेना.

दुसऱ्या संध्याकाळी कोट दुकानासमोरून गेला. मावशीने मान वर केली, पाहिलं आणि ती पुन्हा मशीन चालवायला लागली.

"अगं, तो बघ चाललाय," मी म्हटलं.

"कोण?"

मी बोट दाखवलं. कोपऱ्यावर सरळ पाठीचा कुणी एक माणूस वळत होता. मावशीने मशीनवर डोकं टेकलं, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली.